दुकानाची वेळ आणि शाळेची वेळ

2025 च्या नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्हा परिषदेने जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतील बिबटप्रवण गावांच्या शाळांची वेळ बदलली. शाळा सकाळी साडेनऊला भरावी आणि दुपारी चारला सुटावी, असे ठरले. मुलांनी पुरते उजाडल्यावर घर सोडावे व दिवस मावळण्याच्या आत घरी पोहोचावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्याआधीच्या काही आठवड्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत कोवळ्या मुलांचे बळी गेले होते आणि संतप्त ग्रामस्थ पुणे-नाशिक महामार्गावर उतरले होते.

या भागाला बिबट्या नवा नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाटाचे पाणी शिवारात फिरले, जिरायत जमिनीवर ऊस उभा राहिला आणि त्या उसाच्या दाट आडोशाला बिबट्याने घर केले. मादी उसात विते, पिले उसातच वाढतात. डोंगरातले जंगल त्यांनी पाहिलेलेही नसते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू होते, तोड सुरू होते, आडोसा नाहीसा होतो आणि हे प्राणी वस्त्यांच्या दिशेने सरकतात. नेमके त्याच दिवसांत दिवस लहान होतो. मळ्यातल्या वस्तीवरून दीड-दोन किलोमीटर चालत शाळेला येणाऱ्या मुलाची वाट उसाच्या दोन फडांमधून जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेळ बदलण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु केवळ घड्याळाचे काटे सरकवून असे प्रश्न सुटत नाहीत. शाळा चारला सुटली आणि आई-वडील सहापर्यंत शेतात असले, तर मधले दोन तास मूल कोणाच्या नजरेखाली असणार? कोणत्या वस्तीची मुले एकत्र निघतील, त्यांच्यासोबत कोण मोठे माणूस चालेल, एखादे मूल त्या दिवशी आलेच नाही तर गुरुजींनी कोणाला फोन करायचा, या गोष्टी कोणत्याही आदेशात लिहिता येत नाहीत. त्या पालक आणि शिक्षकांनी एकमेकांशी बोलूनच ठरवाव्या लागतात. भयाने का होईना, पण या गावांत हा संवाद अपरिहार्य झाला.

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव येथील बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबांना बिबट्याचे भय तितकेसे नाही. त्यांची घरे पेठेत, बहुधा दुकानाच्या वर किंवा मागे. मुले स्कूलबसने जातात किंवा चार पावलांवरच्या शाळेत चालत जातात. कदाचित म्हणूनच तेथे शाळेशी बोलण्याची निकड कोणाला भासत नाही. फी वेळेवर भरली जाते, वह्या-पुस्तके पहिल्या दिवशी आणली जातात, सायंकाळची शिकवणी लावली जाते, स्नेहसंमेलनाला देणगी दिली जाते. एवढे केले की पालक म्हणून असलेले कर्तव्य पार पडले, अशी एक समजूत व्यापारी घरांत रुजली आहे. ती समजूत प्रामाणिक आहे, पण अपुरी आहे.

दानाची परंपरा मात्र या मातीत फार जुनी आहे, हे मान्य करावेच लागेल. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गाच्या माथ्यावर वसलेले जुन्नर सातवाहन काळापासून बाजारपेठेचे नगर. येथील बौद्ध लेण्यांतील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो धान्य व्यापारी आणि आज शाळेला पाण्याची टाकी, वर्गखोली किंवा संगणक देणारा आडतदार यांच्यात वृत्तीचे अंतर फारसे नाही. फरक इतकाच की, लेण्यातल्या श्रमणांना त्या व्यापाऱ्याच्या वेळेची गरज नव्हती. शाळेतल्या मुलाला ती असते.

वेळ हीच व्यापारी घरातली सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होतो तो पावसाळा संपेपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचे पहिले सत्र जवळपास पूर्ण त्यात जाते. मंचरच्या बाजार समितीत कांद्या-बटाट्याची आवक वाढली की आडत्याला जेवायला सवड नसते. दसरा-दिवाळीत कापड, भांडी, किराणा, सोने या साऱ्या दुकानांची झोप उडते, आणि त्याच सुमारास प्रथम सत्राची परीक्षा असते. शाळेची पालकसभा बहुधा शनिवारी सकाळी किंवा कामाच्या दिवशी दुपारी ठेवली जाते. ती ठेवणाऱ्या शिक्षकाला आपल्या वर्गातील दहा-बारा मुलांचे वडील त्या वेळी गल्ल्यावरून उठू शकत नाहीत, हे ठाऊक नसते. वडिलांना वाटते शाळेला आपली अडचण कळत नाही. शिक्षकाला वाटते शेठजींना मुलाची फिकीर नाही. दोघेही चुकीचे असतात, पण हे सांगणारा तिसरा कोणी नसतो.

यावर उपाय अवघड नाही. बाजारपेठेच्या गावातील शाळेने वर्षातून दोन सभा तरी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी किंवा दुकाने बंद झाल्यावर रात्री साडेआठला घ्याव्यात, अशी विनंती पालकांनी एकत्र येऊन करावी. शिक्षकांनाही घर-संसार आहे. म्हणून ही विनंती हक्काच्या सुरात नव्हे, तर आपल्या बाजूने काही देऊ करून व्हावी. स्थानकाचे सभागृह किंवा मंदिराची धर्मशाळा त्या सभेसाठी उपलब्ध करून देणे हे कोणत्याही संघाला सहज शक्य आहे.

आणि सभेला कोण जाते, हाही प्रश्न आहेच. बहुतेक घरांत आईच जाते, आणि परत आल्यावर तिने सांगितलेले हिशेबाच्या वहीवरून मान न उचलता ऐकले जाते. सरकारी पातळीवर आईचे हे स्थान आता ओळखले गेले आहे. 2022 मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी मातांचे गट करून पहिलीत येणाऱ्या मुलांची तयारी त्यांच्या हाती सोपवण्यात आली. शिकलेली असो वा नसो, आईने घरातल्या डाळी-कडधान्यांवरून मोजणी करून घ्यावी, कपड्यांच्या घड्या लावताना लहान-मोठे ओळखायला लावावे, इतके ते साधे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मजुरी करणाऱ्या आईला जे जमते, ते पेठेतल्या पदवीधर सुनेला जमणार नाही असे नाही. तिला फक्त घरातून तो अधिकार मिळायला हवा.

व्यापाऱ्याच्या घरी तर डाळी-कडधान्यांपेक्षा मोठी शाळा असते, ती म्हणजे दुकान. किराण्याच्या दुकानात बसलेला दहा वर्षांचा मुलगा पाऊणशे ग्रॅमचा भाव क्षणात सांगतो आणि वर्गात अपूर्णांकांच्या उदाहरणाला अडतो, हा अनुभव अनेक घरांत आहे. वडील म्हणतात, पोरगा हुशार आहे, शाळेतच काही शिकवत नाहीत. शिक्षक म्हणतात, गणितात कच्चा आहे. वस्तुतः त्या मुलाला गणित येते. कागदावर ते कसे मांडायचे तेवढे येत नाही. तोंडी हिशेबाची वाट त्याने दुकानात पाठ केली, तिला पायऱ्या असतात हे त्याला कोणी दाखवले नाही. वडिलांनी हे एकदा शिक्षकांच्या कानावर घातले, तर चांगला शिक्षक फळ्यावर ‘समजा’ने सुरू होणारे उदाहरण न देता मुलाच्या दुकानातलेच बिल मांडेल. टक्केवारी, सूट, नफा-तोटा, सरळव्याज ही प्रकरणे तर जणू पेठेतल्या मुलांसाठीच लिहिलेली आहेत.

दुकान शिकवते तसे ते शाळा हिरावूनही घेते. दिवाळीच्या गर्दीत मुलाला चार दिवस गल्ल्यावर बसवणे वेगळे आणि नववी-दहावीत दर बाजाराच्या दिवशी त्याला घरी ठेवणे वेगळे. शेवटी दुकानच सांभाळायचे आहे, मग गुणांचे काय, हे वाक्य मुलाच्या कानावर पडले की त्याच्या मनातली शाळा त्याच दिवशी संपते. मुलींच्या बाबतीत तेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हटले जाते. कोणत्याही शिक्षकाला मग त्या मुलामागे किंवा मुलीमागे कितीही धावले तरी काही करता येत नाही.

जैन मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे पालक व शिक्षक दोघांचेही दुर्लक्ष होते. चातुर्मास आषाढात सुरू होतो आणि कार्तिकात संपतो. म्हणजे शाळेचे पहिले सत्र जवळपास सगळे चातुर्मासात येते. पर्युषण पर्व ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते, तेव्हा घटक चाचण्या आणि क्रीडास्पर्धा चालू असतात. मोठ्यांचे पाहून मुलेही उत्साहाने एकासणे, उपवास, कधी अठ्ठाईसुद्धा करतात. त्यांच्या भावनेचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण तिसऱ्या उपवासाला कवायतीच्या मैदानावर उभा असलेला मुलगा चक्कर येऊन पडला, तर शिक्षकाला कारण ठाऊक असायला हवे. अनेकदा ते नसते, कारण घरातून कोणी सांगितलेलेच नसते. चौविहार असणारे मूल सायंकाळच्या सरावानंतर न जेवता झोपते, हे क्रीडाशिक्षकाला कसे कळावे? सहलीच्या डब्यात कांदा-बटाटा निघाला म्हणून मूल दिवसभर उपाशी राहते आणि शिक्षकाला वाटते त्याला गाडी लागली.

पर्युषणाच्या आठ दिवस आधी वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी पाठवावी: आमचा मुलगा या तारखांना उपवास करणार आहे, पाणी फक्त उकळलेले व सूर्यास्तापूर्वी घेईल, त्या दिवशी त्याला धावण्याच्या स्पर्धेतून वगळावे, चाचणी असल्यास तो देईल. एवढ्या चार ओळींनी अनेक गैरसमज टळतात. शिक्षकही मग त्या मुलाला वर्गासमोर उभे करून ‘हे काय असते ते सगळ्यांना सांग’ असे म्हणू शकतो, आणि मुलाचे व्रत लपवण्याची गोष्ट राहत नाही. उलट बाजूने, शिक्षकाने ‘या वयात आणि परीक्षेच्या काळात एवढे उपवास झेपणार नाहीत’ असे सांगितले, तर तो धर्मावरचा आक्षेप समजू नये. साधू-साध्वीही पचक्खाण देताना मुलाची शक्ती पाहतात. शिक्षक दिवसाचे सहा तास ती पाहत असतो.

पाठशाळेच्या बाबतीत हाच पालक किती वेगळा वागतो! पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाची परीक्षा जवळ आली की आई मुलाकडून रोज सूत्रे म्हणवून घेते. कोठे अडखळला, कोणता उच्चार चुकला, हे तिला तोंडपाठ असते. पाठशाळेच्या बाईंशी तिचे बोलणे आठवड्यातून दोनदा होते. मुलाला प्रतिक्रमणाचे किती पाठ झाले हे आजी-आजोबाही सांगू शकतात. तेच घर विज्ञानाचा कितवा धडा चालू आहे या प्रश्नावर गप्प होते. म्हणजे घराला मुलाच्या अभ्यासाशी जोडून घेण्याची कला येत नाही असे मुळीच नाही. ती एका ठिकाणी उत्तम येते. दुसऱ्या ठिकाणी फी भरून मोकळे होण्याची सवय लागली आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. खासगी शाळांसाठी महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला असून, शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत तो स्थापन व्हावा लागतो. त्याच्या कार्यकारी समितीपुढे फीवाढीचा प्रस्ताव येतो. इच्छुक पालकांतून सोडत काढून ही समिती ठरते. फी वाढली की दुकानादुकानांतून जी चर्चा रंगते, ती करणाऱ्यांपैकी किती जणांनी सोडतीसाठी नाव दिले होते, हे विचारायला हरकत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव जैन समाज अभिमानाने घेतो. कुंभोज येथे 1887 मध्ये जन्मलेल्या या जैन कुटुंबातील माणसाने 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. मंचरचे महात्मा गांधी विद्यालय आणि अण्णासाहेब आवटे महाविद्यालय ही याच संस्थेची शाखा. कर्मवीरांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली आणि त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही दिले. पण त्या वसतिगृहाचे खरे वैशिष्ट्य असे की, मुलांचे आई-वडील दूर खेड्यांत असताना तेथे शिक्षक आणि पालक ही दोन माणसे राहिलीच नव्हती. लक्ष्मीबाई आजारी मुलाच्या उशाशी बसत आणि भाऊराव त्याच्या अभ्यासाची चौकशी करीत. तीच वृत्ती 1993 च्या लातूर भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले तेव्हा दिसली.

या दोन तालुक्यांत आजही अशी मुले आहेत, ज्यांचे पालक शाळेच्या दारापर्यंत पोहोचू शकत नाहीत. पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यातील मुले घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत राहून शिकतात; त्यांचे आई-वडील हंगामात हिरडा गोळा करतात, भात लावतात आणि उरलेले महिने पूर्वेकडच्या बागायती गावांत मजुरीला येतात. पूर्वेकडे, निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या परिसरात हिवाळ्यात बीड-नगरकडून ऊसतोड मजूर येतात, आणि त्यांच्याबरोबर कोपीवर राहणारी मुलेही. स्थलांतरित मुलाला नव्या गावच्या शाळेत लगेच बसता यावे म्हणून मूळ शाळेने शिक्षण हमी पत्रक द्यायचे असते. पत्रक येते, न येते. मूल मात्र अनेकदा शाळेत न जाता धाकट्या भावंडाला सांभाळत राहते.

हे मूल शाळेत नाही, हे शिक्षकाच्या आधी कोणाला कळते? गावातल्या किराणा दुकानदाराला. सकाळी अकरा वाजता, म्हणजे शाळा ऐन भरात असताना, ते पाच रुपयांची चहापूड आणि बिस्किटाचा पुडा न्यायला त्याच्याच दुकानात येते. आज आले, उद्या आले, परवाही आले, तर ते कोणत्या फडावरचे, कोणत्या मुकादमाच्या टोळीतले, हे दुकानदाराला दोन वाक्यांत कळते. त्याने मुख्याध्यापकांना एक फोन केला, तर शिक्षकाला शोधायला आठवडा लागला असता ते काम दहा मिनिटांत होते. मुकादमाची उधारी त्याच दुकानावर असल्याने दुकानदाराने ‘पोरांना शाळेत धाड’ असे म्हटल्यास ते ऐकलेही जाते. यासाठी देणगी लागत नाही आणि पावतीही फाडावी लागत नाही.

जे मूल कोपीवरून शाळेत येते, त्याच्या बाकावर कदाचित दुकानदाराचाच नातू बसलेला असतो. खेड्यांतील शाळांत अजूनही हे घडते. पेठेतल्या शाळांतून ते कमी होत चालले आहे, कारण ऐपत असलेली घरे मुलांना दूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवतात. तो निर्णय ज्याचा त्याचा आहे. पण त्याची एक किंमत असते: बसने दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्या मुलाचे शिक्षक गावचे नसतात, बाजारात भेटत नाहीत, दुकानात येत नाहीत. पूर्वी बाई गहू घ्यायला आल्या की मुलाची चौकशी आपोआप होई. आता ती ठरवून करावी लागते, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर ‘ओके मॅडम’ लिहिल्याने ती होत नाही.

शिक्षकाला भेटल्यावर काय विचारावे, याबद्दलही पालक गोंधळतात. ‘आमचा कसा आहे?’ या प्रश्नाला ‘छान आहे, थोडा मस्तीखोर आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी, गेल्या महिन्यात त्याला न समजलेली एक गोष्ट कोणती, तो वर्गात कोणाजवळ बसतो, प्रश्न विचारतो का, फळा नीट दिसतो का, असे विचारले तर बोलणे पुढे सरकते. चष्म्याचा नंबर वाढल्याने गणितात मागे पडलेली मुले काही थोडी नसतात. आणि घरातले काही बदलले असेल, आजोबा गेले असतील, भागीदारी तुटली असेल, वडिलांना व्यापारात मोठा फटका बसला असेल, तर तपशील न सांगता तेवढे शिक्षकांच्या कानावर घालावे. व्यापारी घर अशा गोष्टी बाहेर बोलत नाही. पेठेत पत जपावी लागते, हे खरेच. पण मुलाला घरातला ताण दुकानातल्या गुमास्त्याच्या आधी कळतो, आणि तो त्याच्या वहीत उतरतो.

महिन्यातून एकदा एका सामायिकाइतका, म्हणजे 48 मिनिटांचा वेळ मुलाच्या शाळेसाठी ठेवता आला तरी पुष्कळ होईल. सामायिकाची जागा तो घेणार नाही. केवळ कालावधीचे माप म्हणून घरातल्या सर्वांना ते समजेल. त्या वेळात वडिलांनी दप्तर उघडून पाहावे, शिक्षकाशी बोलावे किंवा मुलाला घेऊन कोठेतरी जावे. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण प्रकल्प दर वर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांसाठी खुला होतो आणि तेथे शाळांच्या मुलांचे प्रयोग मांडले जातात. जगभरातून शास्त्रज्ञ ज्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्यांकडे येतात, त्या कित्येक व्यापाऱ्यांनी रोजच्या रस्त्यावरून फक्त लांबून पाहिलेल्या असतात.

पंचांगानेही या कामी एक सोय करून ठेवली आहे. श्वेतांबर घरांत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी असते. त्या दिवशी पोथ्या-पुस्तकांची पूजा होते. तीच तिथी व्यापाऱ्यांची लाभपंचमी. दिवाळीनंतर दुकाने त्या मुहूर्तावर उघडतात, नव्या वहीवर पहिला व्यवहार लिहिला जातो. शाळेचे दुसरे सत्रही त्याच सुमारास सुरू होते. दिगंबर घरांतील श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला येते, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडते त्याच्या आगे-मागे. दोन्ही सत्रांच्या उंबरठ्यावर एकेक पंचमी आहे. त्या आठवड्यात मुलाचे पहिली चाचणी किंवा सत्र परीक्षेचे पेपर हातात घेऊन वर्गशिक्षकांकडे जावे, चुकलेल्या उत्तरांवर त्यांच्याकडून खूण करून घ्यावी आणि पुढच्या सत्रात घरी नेमके काय करून घ्यायचे ते विचारून यावे. दुकान त्या दिवशी तासभर उशिरा उघडले तरी गिऱ्हाईक परत जात नाही. लाभपंचमीला तर ते मुहूर्तासाठी थांबलेलेच असते.